पांढऱ्या खोळीची सीट

ज्या माणसाबद्दल लिहायला बसले आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याला आपल्या नावाची फार हौस होती. गाडीच्या कपाळावर नाव, दोन्ही अंगांना नाव, तिकिटावर नाव, स्टँडवरच्या पाण्याच्या रांजणावरसुद्धा नाव. एकदा तो रांजण फुटला तेव्हा नाव असलेलं खापर फेकायचं कसं म्हणून कुणीतरी ते उचलून वळचणीला ठेवलं होतं. आज ते नाव कुठंच उरलेलं नाही आणि ते माझ्या हातून पुन्हा कागदावर चढावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. नवऱ्याचं नाव आम्ही बायका तशाही घेत नव्हतो. तेव्हा ह्या लिखाणात एक मालक असेल, एक त्याचा मेहुणा असेल, आणि माझा नवरा असेल. तेवढ्यावर भागेल.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी इंदापुरात आले तेव्हा माझा नवरा एका खासगी मोटार सर्विसमध्ये बुकिंग क्लार्क होता. ही सर्विस बारामती ते इंदापूर चालायची. लोक ह्यांना बुकिंगमास्तर म्हणायचे. स्टँडवर पत्र्याची एक खोली होती आणि मधे फळ्यांची भिंत. फळ्यांच्या पुढं तिकिटाची खिडकी, फळ्यांच्या मागं आमचा संसार. त्यामुळं कंपनीत काय चाललंय ते मला चुलीपुढं बसून ऐकू यायचं. कंपनी कशी चालते आणि कशी बुडते हे मी भाकरी थापता थापता शिकले. मी चौथी पास. त्यापुढची शाळा मला त्या फळ्यांनी शिकवली.

गाड्या लढाईनंतरच्या लिलावात घेतलेल्या. लष्करी सांगाड्यावर बारामतीच्या सुतारानं लाकडी बॉडी चढवलेली. क्लीनरनं पुढून हँडल मारलं की दोनदा खोकून सुरू व्हायच्या. रस्ता निमगाव केतकी, लासुर्णे, सणसर करत जायचा. कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, भाजीपाला होता, बाजारकरी होते. टपावर टोपल्या आणि टोपल्यांच्या मधे माणसं, अशी गाडी भरून जायची. म्हणजे धंद्याला तोटा नव्हता. तरी कंपनी वर्षागणिक खाली चालली होती. का चालली होती, ते अगदी क्लीनरपासून सगळ्यांना माहीत होतं. वर मात्र कुणी सांगत नव्हतं.

वर म्हणजे बारामतीला. तिथं मालक बसायचे आणि मालकांच्या दाराशी त्यांचा मेहुणा बसायचा. तो मॅनेजर. क्लीनरला काही विचारायचं असलं तर त्यानं ड्रायव्हरला विचारायचं, ड्रायव्हरनं माझ्या नवऱ्याला, माझ्या नवऱ्यानं मेहुण्याला, आणि मेहुण्यानं मालकांना. सवाल सकाळच्या गाडीनं जायचा आणि जबाब आला तर संध्याकाळच्या गाडीनं यायचा. बहुतेक वेळा एकच जबाब यायचा: "हुकूम न्हाय." मेहुण्यानं मालकांना खरंच विचारलं का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मेहुण्याचा सगळ्यांना एकच उपदेश असायचा, "मालकांचं डोकं गरम करू नगा." मालक अधूनमधून आपल्या काळ्या मोटारीतून इंदापूरला यायचे. सगळे ओळीनं उभे राहायचे. मालक विचारायचे, "काय, ठीक हाय न्हवं समदं?" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "ठीक हाय, मालक." फळ्यांच्या मागं माझ्या डोक्यावर पत्रा गळत असायचा, पुढं उभ्या गाडीचं एक टायर गुळगुळीत झालेलं असायचं, आणि ठीक हाय. एकदा एका तरण्या ड्रायव्हरनं तोंड उघडलं. "मालक, ब्रेक जरा..." एवढंच म्हणाला. मालकांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं आणि मोटारीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून मेहुण्यानं त्या पोराला गाड्या धुवायला लावलं. त्यानंतर कंपनीतल्या कुठल्याच गाडीच्या ब्रेकला काही झालं नाही. निदान कुणाच्या तोंडून तरी नाही.

निमगावचे पानमळेवाले आमचे सगळ्यांत पक्के गिऱ्हाईक. विड्याची पानं टोपल्यांतून बारामतीला जायची आणि तिथून छोट्या रुळांवरच्या आगीनगाडीनं दौंडकडं. आमची सकाळची गाडी जरा लवकर सुटली तर ती आगीनगाडी गाठता आली असती. नाहीतर पानं दिवसभर उन्हात पडून राहायची. पानमळ्यातले एक म्हातारे स्वतः खिडकीशी आले. "मास्तर, एवढं कराच. गाडी थोडी आदी सोडा. आमी समदे तुमच्याच गाडीला माल घालतो." माझा नवरा कबूल, ड्रायव्हर कबूल, क्लीनर तर पहाटेच उठायला तयार. पण सुटायची वेळ मालकांनी ठरवलेली. ती बदला असं मालकांना कोण सांगणार? सवाल मेहुण्यापर्यंत गेला आणि तिथंच निजला. पुढच्या हंगामात पानमळेवाल्यांनी एक लॉरी ठरवली. टपावरच्या टोपल्या गेल्या. मालकांनी इंदापूरला येऊन विचारलं, ठीक हाय न्हवं? ठीक हाय, मालक.

आणखी एक गंमत सांगते. प्रत्येक गाडीच्या मागं जादा चाक असायचं, स्टेपनी. एकदा कुठंतरी एक चाक चोरीला गेलं. मेहुण्यानं सगळ्या स्टेपन्यांना साखळ्या घातल्या, कुलपं लावली आणि किल्ल्या बारामतीत आपल्या कमरेला अडकवल्या. गाडी रस्त्यात पंक्चर झाली की क्लीनरनं कुणाची तरी सायकल मागून बारामती गाठायची, मेहुण्याला शोधायचं, कसं पंक्चर झालं ते पटवायचं, आणि किल्ली घेऊन परत यायचं. तोवर पाशिंजर बाभळीखाली बसायचे. गाडीच्या पाठीवर चाक आणि पाशिंजर बाभळीखाली. मी हे सांगते तेव्हा माझी नातवंडं हसतात. तेव्हा आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं, कारण पद्धतच तशी होती.

आता त्या सीटचं सांगते. ड्रायव्हरच्या शेजारी एक सीट असायची. जाड गादीची, तिच्यावर पांढरी खोळ. ती मालकांची सीट. मालक आमच्या गाडीत कधी बसत नव्हते, त्यांची काळी मोटार होती. तरी प्रत्येक गाडीत ती सीट रिकामी ठेवायची, प्रत्येक फेरीला, आणि खोळीवर डाग पडू द्यायचा नाही. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, दारात लोंबकळलेली, आणि पुढं ती पांढरी सीट एकटी ऐसपैस इंदापूर ते बारामती हिंडून यायची. कंडक्टर बदलले, ड्रायव्हर बदलले, नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगितली जायची ती सीटची. ब्रेकची नंतर. इंदापूरला मुक्कामाला येणाऱ्या गाड्यांच्या खोळी धुवायचं काम माझ्याकडं आलं, बुकिंगमास्तरची बायको म्हणून. साबण कंपनीचा, हात माझे.

मला सातवा महिना चालू होता. सकाळपासून पोटात कळा यायला लागल्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हात लावून बघितलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, इथं थांबू नका, बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन जा. दुपारची गाडी समोर उभी होती. बाजाराचा दिवस, गाडी गच्च. मी फळीला धरून उभी होते. सासूबाई खिडकीशी गेल्या.

"आरं, ती म्होरली जागा दे तिला. जरा रेलून तरी बसंल."

"आई, ती मालकांची हाय."

"मालक हायत का गाडीत?"

"न्हाईत."

"मग?"

"हुकूम न्हाय, आई. इचारल्याबिगर कशी देऊ? कुनी जाऊन सांगितलं तर नोकरी जाईल. मग खायाचं काय?"

सासूबाईंनी आपल्याच लेकापुढं हात जोडले. ते दृश्य मी विसरलेले नाही आणि नवऱ्यालाही विसरू दिलेलं नाही. गाडीवर जे ड्रायव्हरतात्या होते, ते वयानं मोठे आणि मनानं चांगले. त्यांनी त्या खोळीवर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, आणि हात काढून घेतला. मग कंडक्टरनं मागच्या बाकावरच्या दोघांना उठवून मला आणि सासूबाईंना जागा करून दिली. अगदी शेवटचा बाक, चाकाच्या वर. माझा नवरा खाली उभा राहून म्हणाला, "दांडीला धरून बस." तेवढंच त्याला करता आलं.

खड्डा आला की सगळा बाक वर उचलायचा आणि आदळायचा. सासूबाई माझ्या कमरेमागं आपला हात घालून बसल्या होत्या, म्हणजे प्रत्येक दणका आधी त्यांच्या हातावर बसत होता. पुढच्या माणसांच्या डोक्यांमधून एक फट होती आणि त्या फटीतून मला ती सीट दिसत होती. खोळ माझ्याच हातची धुतलेली होती. तिच्यावर एक सुरकुती नव्हती. सणसर मागं पडल्यानंतर मला फारसं आठवत नाही.

मुलगी झाली. रडली नाही.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. मला थोपटत म्हणाल्या, गाडीच्या धक्क्यानंच झालं असं सांगता येत नाही, कदाचित तसंही झालं असतं. त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल. पण तो ‘कदाचित’ त्यांनी मला दिला होता, आणि मी तो मालकाला द्यायला बांधील नाही. मी अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं की ज्यानं ती सीट राखून ठेवली त्याला त्या मागच्या बाकावर बसलेला बघितल्याशिवाय मी मरणार नाही. देवाला नवस केला नाही. हे काम देवाकडं द्यावं असं मला वाटलं नाही.

मी इंदापूरला परत आले तेव्हा नवरा चुलीपाशी बसून रडला. म्हणाला, "हुकूम होता गं." त्यानंतर जेव्हा जेव्हा आमच्यात त्या दिवसाचं नाव निघालं तेव्हा तेव्हा तो हेच म्हणायचा, आणि ह्या वाक्यापुढं माझं काही चालायचं नाही. हुकूम होता म्हटलं की जणू गावात पटकी आली होती, किंवा वीज पडली होती. कुणी काय करणार? माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तो मला पाणी भरू द्यायचा नाही, स्वतः भाकरी करायला बसायचा, आणि आठवडा सरला की मान खाली घालून धुवायच्या खोळी माझ्यापुढं आणून ठेवायचा. मी त्या धुतल्या. आधीपेक्षा पांढऱ्या धुतल्या. मला घाई नव्हती.

दोनेक वर्षं गेली. मधल्या काळात पुणे-सोलापूर रस्त्यावर सरकारी गाड्या दिसायला लागल्या होत्या. खासगी सर्विसवाल्यांचे रस्ते एकेक करून सरकार घेत होतं, आणि ज्यांचा कारभार बरा होता त्यांना परमिट थोडं वाढवूनही मिळत होतं. आमच्या कंपनीचं परमिट संपत आलेलं होतं. खरं म्हणजे ही घाबरायची वेळ. मेहुण्यानं निरोप पाठवला, साहेब लोक बारामतीला येतील, तेव्हा दोन गाड्यांना रंग द्या. टायरबद्दल निरोपात काही नव्हतं.

एका सकाळी माझ्या मागच्या दाराशी एक शिपाई पाणी मागायला आला. थोड्या अंतरावर लिंबाच्या सावलीत त्याचे साहेब उभे होते, साधा कोट, हातात छत्री, एक पाय जरा आखडून टाकणारे. मी तांब्या दिला. शिपाई बोलका होता. म्हणाला, "वैनी, कुनाला बोलू नगा. परमिटाच्या चौकशीला आलोय. बारामतीला सांगितलंय फुडल्या आठवड्यात येनार म्हून. सायेब आजच पाशिंजरावानी बसून जानार हायत, समदं डोळ्यांनी बघायला."

मी म्हटलं, "मी कशाला बोलू?"

आणि खरंच बोलले नाही. माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या मधे फळीची एक भिंत होती. मी नुसतं फटीशी तोंड नेऊन एक शब्द सांगितला असता तरी त्यानं मालकांची सीट काय, स्वतःचा फेटा अंथरला असता. मी चुलीत फुंकर घातली आणि कान फळीला लावला.

साहेब खिडकीशी आले. "बारामतीचं एक तिकीट. माझा गुडघा दुखतो, ती पुढची सीट मला मिळेल का? जास्तीचे पैसे देतो."

"ती मालकांची सीट हाय."

"मालक येणार आहेत का?"

"न्हाईत."

"वाटेत कुठं चढणार आहेत?"

"न्हाय जी. मालक ह्या गाडीत बसत न्हाईत."

"मग ती कुणासाठी आहे?"

"मालकांसाठी."

साहेब म्हणाले, "ती सीट देण्याचा अधिकार कुणाला आहे?"

"बारामतीला इचारावं लागंल."

"किती वेळ लागेल?"

"आता सवाल पाठवला तर सांजच्या गाडीनं कळंल."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. माझा नवरा उद्धटपणे बोलत नव्हता, अगदी अदबीनं, समजावून सांगत होता. जसं सासूबाईंना समजावलं होतं तसंच. कंपनीनं त्याला जे शिकवलं होतं ते तो अक्षरशः पाळत होता, आणि मी कंपनीनं मला जे शिकवलं होतं ते पाळत होते. वाईट बातमी वर सांगायची नाही. ठीक हाय, मालक.

साहेबांना मागच्या बाकावर जागा मिळाली. मी मागच्या दारात येऊन गाडी जाताना बघितली. त्यांनी खिडकीच्या दांडीला धरलेलं होतं.

पुढचं ड्रायव्हरतात्यांनी सांगितलं. लासुर्ण्याच्या अलीकडं टायर बसलं, ते गुळगुळीत झालेलंच. साहेब खाली उतरले, गाडीच्या मागं बांधलेलं चाक त्यांनी बघितलं, साखळी बघितली, कुलूप बघितलं. किल्ली कुठं आहे असं विचारलं. तात्यांनी सांगितलं, बारामतीला. "मॅनेजरसायबांच्या कमरंला." क्लीनर सायकल मागायला वस्तीवर गेला. साहेब बाभळीखाली रुमाल टाकून बसले आणि पाशिंजरांशी गप्पा मारत राहिले. बाभळीखाली माणसं मोकळं बोलतात. पानांच्या टोपल्यांचं निघालं, ब्रेकचं निघालं. तात्या म्हणाले, "मला वाटलं, कुनी मास्तर-बिस्तर हाय. लई इचारत हुता." किल्ली आली तेव्हा उन्हं उतरली होती. तरी चाक बदलल्यावर सगळे चढले, आणि त्या पांढऱ्या सीटवर कुणीही बसलं नाही. साहेबही मुकाट आपल्या जागेवर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात बारामतीला हारतुरे तयार होते, रंग दिलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या. कुणी आलं नाही. परमिट वाढवून मिळालं नाही, एवढंच कळलं. आमच्या रस्त्यावर सरकारी गाड्या सुरू झाल्या. मालकांच्या गाड्या त्यांच्या आवारात बरेच दिवस उभ्या होत्या, मग भंगारात गेल्या. जुन्या लोकांतल्या बऱ्याच जणांना सरकारनं घेतलं, त्यात माझा नवराही होता. तात्या शेतीवर गेले आणि जाताना मला म्हणाले की आता पाठ दुखायची थांबेल. मला पश्चात्ताप झाला का? नाही. परमिट गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी गोडाचं केलं होतं. नवऱ्यानं विचारलं, आज काय हाय? मी म्हटलं, काही नाही, गूळ उरला होता.

कंपनी बंद झाली तेव्हा एक खोळ माझ्याकडं धुवायला आलेली होती. परत मागायला कुणी आलंच नाही. मी तिचं पायपुसणं केलं.

पण मालक मागच्या बाकावर बसलेला मी अजून बघितला नव्हता.

तेही झालं. दशक संपत आलं होतं. माळेगावला साखर कारखाना उभा राहिला होता, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, आणि आम्ही स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला गेलो होतो. मला तोवर एक मुलगा झाला होता. एका दुपारी दारात एक म्हातारा उभा. धोतर मळलेलं, एक हात कमरेवर. इंदापूरच्या कचेरीत जमिनीचं काहीतरी काम होतं, उन्हानं जीव घाबरला म्हणून जुन्या माणसाचं घर शोधत आला होता. माझा नवरा घरीच होता. तो ताडकन उभा राहिला. ओळीत उभा राहायचा तसा, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. "मालक!"

मालकांनी दारात पाय धुतले आणि त्या पायपुसण्यावर पुसले. अगदी बोटांच्या बेचक्यांतून पुसले. मी बघत होते.

"बसा, मालक. कशानं आला?"

"सरकारी गाडीनं. आता कुठली मोटार? जागा बी मागच्या बाकावर गावली, चाकावर. पार हाडं खिळखिळी झाली बघा, मास्तर."

मला इतका आनंद झाला की मी पाण्याच्या निमित्तानं आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मी बसवलं नव्हतं, तो आपणहून बसला होता, तरी मी ते माझ्या पदरात घालून घेतलं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण इतकी वर्षं वाट बघितलेलं माणूस एका घासानं उठत नाही. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी पाण्याचं भांडं त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "मालक, तुमची ती म्होरली सीट आता कुठं गेली?"

"कसली सीट?"

"पांढऱ्या खोळीची. डायवरच्या शेजारची. तुमच्यासाठी राखून ठेवायची ती."

मालकांनी कपाळाला आठी घातली. "माझ्यासाठी? मी कवा बसलो सर्विसच्या गाडीत? माझी मोटार हुती की." मग त्यांना आठवलं आणि ते हसले. "आरं व्हय. पयली गाडी घेतली तवा आमचं थोरलं आबा हौसंनं म्होरं बसलं. तितं कुनीतरी तेलाचा डबा सांडलेला. आबांचं धोतर गेलं. मी मेव्हण्यावर वरडलो, निदान म्होरली जागा तरी साफ ठेवत जा म्हून. त्येवढंच."

"आणि कुणी बसायचं न्हाय, असा हुकूम?"

"मी कशाला दीन असला हुकूम? पैसं देनारं पाशिंजर खाली उभं असताना रिकामी सीट कोन फिरवंल? येडा हाय का मी?" त्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "मला कुनी कायच सांगत नव्हतं बघा. ती पानवाली गेली, ते बी मला लई उशिरानं कळलं."

माझा नवरा अजून उभाच होता. मी मालकाकडं बघायचं सोडून त्याच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा आधी काही बदलला नाही. मग त्यानं हळूच मागं हात नेऊन भिंत चाचपली आणि खाली बसला.

मुलीचं मी मालकाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हळहळला असता, कदाचित डोळ्यांना धोतर लावलं असतं, आणि त्याची हळहळ मला माझ्या घरात नको होती. त्याला माहीत नव्हतं म्हणून तो सुटला, असं मी मानत नाही. ब्रेकचं नाव काढलेल्या पोराकडं त्यानं कसं बघितलं होतं ते मी फळीच्या फटीतून बघितलं आहे. एवढ्या साध्या सीटबद्दल जाऊन विचारायची हिंमत ज्याच्या एकाही माणसाला झाली नाही, त्यानं आपल्याला कुणी काही सांगत नव्हतं म्हणून तक्रार करू नये. उन्हं कलल्यावर तो गेला. गाडी चुकेल म्हणून घाईनं गेला. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

नवरा बराच वेळ तिथंच बसून होता. मग म्हणाला, "अगं, मला वाटलं..."

"कुणाचा होता हुकूम?" मी विचारलं.

‘हुकूम होता’ हे वाक्य त्यानं त्यानंतर पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि माझ्यापुढं उभं राहून सांगण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं काही उरलं नाही. मालकाला मागच्या बाकावर बसवायचं म्हणून मी इतकी वर्षं दात धरून होते, आणि खरा दणका बसला तो माझ्याच घरात, ज्याच्यासाठी मी रोज आंघोळीचं पाणी तापवत होते त्याला. मी पाणी तापवायचं थांबवलं नाही. पण तो दिवस सोडूनही दिला नाही.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो आहोत. बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं असलं की ते माझ्याआधी धडपडत गाडीत चढतात आणि अगदी पुढची जागा पकडून तिच्यावर माझ्यासाठी रुमाल टाकतात. खिडकीतून मला हाक मारतात. मी चढते, त्या रुमालाच्या बाजूनं पुढं न थांबता मागं जाते आणि शेवटच्या बाकावर बसते, चाकाच्या वर. ते रुमाल उचलतात, मुकाट मागं येतात आणि माझ्या शेजारी बसून दांडीला धरतात. गाडी सणसरच्या जवळ आली आणि खड्डा लागला की मी बाहेर बघत नाही. त्यांच्या तोंडाकडं बघते.